पत्ता चुकलेल्या स्मृतीचा शोध

कार्यक्रमपत्रिकेत ‘आभासी स्मृती’ हे शब्द वाचून आज येथे थोडी वेगळी मंडळी आली असावीत, अशी आम्हांला शंका आहे. एका वयोवृद्ध गृहस्थांनी दारातच विचारले, ‘विषय वेदान्ताचा ना?’ आम्ही त्यांना नाही म्हणालो, तरीही ते बसले आहेत, याबद्दल त्यांचे आभार मानतो. विषय यंत्राचा आहे. पण दिसते एक आणि असते दुसरे, हा प्रकार त्यात इतका भरलेला आहे की त्यांची अगदीच निराशा होणार नाही.

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडदा आणि कळफलक येतो. परंतु आज जगात जे प्रोसेसर आहेत त्यांतील फार थोड्यांच्या नशिबी पडदा असतो. बाकीचे कपडे धुण्याच्या यंत्रात, मोटारीच्या बॉनेटखाली, विजेच्या मीटरमध्ये, रुग्णाच्या उशाशी ठेवलेल्या उपकरणात, दूध थंड करण्याच्या टाकीच्या अंगावर निमूटपणे काम करीत असतात. त्यांना एम्बेडेड, म्हणजे यंत्रात बसवून टाकलेले प्रोसेसर म्हणतात. हे बिघडले तर पडद्यावर सूचना येत नाही; कपडे ओले राहतात, किंवा दूध नासते. दूध नासल्याची एक हकिकत आम्ही शेवटी सांगणार आहोत, कारण त्या प्रकरणात आम्ही स्वतः कित्येक रात्री जागून काढल्या आहेत. मात्र ती कळण्यासाठी आधी थोडी पूर्वतयारी करावी लागेल.

स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक लांबच लांब मांडणी. प्रोसेसर खणाचा क्रमांक सांगतो आणि त्या खणात ठेवतो वा त्यातून काढतो. या क्रमांकालाच पत्ता म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो टिफ्रॅक संगणक सुरू झाला, त्यात पत्ता म्हणजे खराखुरा पत्ता होता. प्रोग्रॅमरने अमुक खण म्हटले की तोच खण उघडे. परंतु त्याच सुमारास इंग्लंडात मँचेस्टर येथे टॉम किलबर्न आणि त्यांचे सहकारी निराळाच विचार करीत होते. त्यांच्या अ‍ॅटलास संगणकात चुंबकीय कड्यांची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची, आणि फिरत्या पिंपावरची मंद पण मोठी स्मृती ९८,३०४ शब्दांची होती. तोवरची रीत अशी की पिंपावरून काय आणायचे, कधी आणायचे आणि परत कधी ठेवायचे याचा हिशेब प्रोग्रॅमरनेच करावयाचा. स्वयंपाक करता करता दर पदार्थासाठी माळ्यावर चढण्यासारखाच हा प्रकार. किलबर्नमंडळींनी ठरविले की प्रोग्रॅमरला सारी स्मृती सलग आणि एकच आहे असे भासवावे, आणि माळ्यावर चढण्याचे काम यंत्राने करावे. त्यांनी स्मृतीची ५१२ शब्दांची एकेक पाने पाडली. जलद स्मृतीत अशी ३२ पाने मावत. प्रत्येक जागेपुढे एक नोंद असे, की सध्या येथे कोणते पान बसले आहे. ७ डिसेंबर १९६२ रोजी या संगणकाचे उद्घाटन झाले. आभासी स्मृतीचा जन्म तो. पत्ता दोन प्रकारचा झाला: प्रोग्रॅमला दिसतो तो आभासी पत्ता, आणि खणावर खरोखर रंगविलेला असतो तो भौतिक पत्ता.

आता कोणी विचारील की यंत्रात बसविलेल्या चिमुकल्या प्रोसेसराला हा थाट कशाला? त्याच्यापाशी ना पिंप, ना माळा. शंका रास्त आहे, आणि अगदी लहान प्रोसेसर हा थाट ठेवीतही नाहीत. ते फार तर कोणत्या भागात कोणी हात घालायचा नाही एवढी राखण करतात. परंतु त्याहून जरा मोठ्या यंत्रात चार-सहा प्रोग्रॅम एकाच वेळी नांदतात, आणि एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये यासाठी पत्त्यांचे रूपांतर फार उपयोगी पडते. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची पत्त्यांची दुनिया मिळते. शेजाऱ्याचा खण त्याला दिसतच नाही, तर तो बिघडवणार कसा? जागा वाचविण्यासाठी शोधलेली युक्ती अशी कुंपणासाठी जास्त कामाला आली. शास्त्रात असे पुष्कळदा घडते.

हे रूपांतर चालते कसे ते प्रत्यक्ष एक उदाहरण करूनच पाहू. जगातील असंख्य यंत्रांत असणाऱ्या एआरएम घराण्याच्या ३२ बिटी प्रोसेसरांची जुनी आणि फार वापरली गेलेली पद्धत आम्ही घेतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे पत्ते होतात. हे लिहावयाचे ते षोडशमान पद्धतीने, म्हणजे दहाऐवजी सोळांच्या गटाने. तसे केल्यास प्रत्येक पत्ता बरोबर आठ अंकांत बसतो. ८०११२४५६ हा एक आभासी पत्ता घ्या. प्रोसेसर त्याचे तीन तुकडे करतो: पहिले तीन अंक ८०१, मधले दोन १२, शेवटचे तीन ४५६. पेठ, वाडा आणि वाड्यातील खोली असे म्हणा. पेठांचे एक मोठे कोष्टक स्मृतीतच असते. त्यात ४,०९६ ओळी, प्रत्येक ओळ चार बाइटांची, म्हणजे एकूण १६ किलोबाइट. कोष्टक ४००० या भौतिक पत्त्यापासून सुरू होते असे समजू. ८०१ व्या ओळीचा पत्ता निघतो ६००४. (षोडशमानात ८०१ ला चाराने गुणले की २००४ होतात, घरी जाऊन खुशाल पडताळून पाहावे.) तेथे समजा ००३००००१ असे लिहिले आहे. शेवटच्या १ ची खूण सांगते की हे अंतिम उत्तर नव्हे. या पेठेतील वाड्यांचे दुसरे छोटे कोष्टक ००३००००० पाशी आहे, तिकडे जा. या दुसऱ्या कोष्टकात २५६ ओळी असतात. त्यातील १२ वी ओळ ००३०००४८ या पत्त्यावर. तेथे लिहिले आहे ००५५७०३२. यातील शेवटचे तीन अंक हे परवानगीचे शिक्के होत: वाचायला मुभा आहे का, लिहायला आहे का, वगैरे. पुढचे पाच अंक ००५५७ हा खरा वाडा. त्याला मूळ पत्त्यातील खोली ४५६ जोडली की ००५५७४५६ हा भौतिक पत्ता तयार झाला.

दोन कोष्टके कशाला, एकच का नको, असा प्रश्न चाणाक्ष श्रोत्यांना पडला असेल. पान ४ किलोबाइटांचे. सगळ्या पत्त्यांची पाने होतात १०,४८,५७६. एकच कोष्टक केले तर प्रत्येक प्रोग्रॅममागे ४ मेगाबाइट जागा नुसत्या वहीलाच लागेल. ज्या पेठेत वस्तीच नाही तिच्या वाड्यांची यादी करण्यात काय हशील? म्हणून पेठांची यादी पक्की ठेवायची आणि वाड्यांची यादी वस्ती असेल तेथेच करायची.

परंतु याचा अर्थ असा झाला की स्मृतीतील एक खण उघडण्यासाठी प्रोसेसरने आधी दोनदा स्मृतीतच जाऊन कोष्टके चाळावयाची. एका फेरीच्या तीन फेऱ्या झाल्या. हे कोणाला परवडेल? म्हणून प्रोसेसर नुकतीच काढलेली उत्तरे एका लहानशा टिपणवहीत लिहून ठेवतो. तिला टीएलबी असे त्रोटक नाव आहे. तलाठ्याचे मोठे दप्तर चावडीत कुलपात असावे, आणि नेहमी लागणारे चार गट नंबर त्याने खिशातल्या डायरीत टिपून ठेवावेत, तशी ही गोष्ट. डायरी असल्यामुळे काम झपाट्याने होते. आणि ही जी बिघाडशोधनाची विद्या आहे, तिची निम्मी अडचणही त्या डायरीपासूनच सुरू होते. कारण दप्तरात फेरफार झाला तरी डायरीतील जुनी नोंद आपोआप खोडली जात नाही. ती खोड असे प्रोग्रॅमने स्पष्ट सांगावे लागते. डायरीचे प्रकरण चांगल्या चांगल्या कारखान्यांनाही भोवले आहे. २००७ साली एएमडी कंपनीच्या चार गाभ्यांच्या नव्या प्रोसेसरांत टीएलबीशी निगडित दोष निघाला. तात्पुरती मलमपट्टी केली तर वेग घटे. खरी दुरुस्ती २००८ साली सुधारून काढलेल्या प्रतीतच झाली. तो संगणकांचा प्रोसेसर होता, यंत्रांतला नव्हे. पण जात एकच.

आता दोष कसे दिसतात ते पाहू. सर्वांत सज्जन दोष तो, जो स्वतः ओरडतो. प्रोग्रॅमने असा पत्ता मागितला की ज्याची ओळच कोष्टकात नाही, तर प्रोसेसर हातातले काम थांबवून एका ठरावीक जागी उडी घेतो आणि दोन गोष्टी लिहून ठेवतो: कोणता पत्ता मागितला होता, आणि तक्रार कोणत्या प्रकारची आहे. तक्रारीला क्रमांक असतो. ५ म्हणजे पेठच नाही. ७ म्हणजे पेठ आहे पण वाडा नाही. १३ किंवा १५ म्हणजे जागा आहे, पण तुम्हांला आत जाण्याची परवानगी नाही. शिकाऊ माणसे हा क्रमांक वाचीतच नाहीत. ‘स्मृतीत घोटाळा आहे’ एवढेच म्हणून तासन्‌तास प्रोग्रॅम उलटापालटा करीत बसतात. क्रमांक ७ असेल तर पहिल्या कोष्टकात त्या पेठेची ओळ आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होत नाही काय? मग शोधाचे क्षेत्र बहुधा १,०२४ बाइटांच्या एका छोट्या यादीवर येते. आणखी एक बारीकशी गोष्ट: कोणत्या आज्ञेमुळे तक्रार झाली हे पाहताना प्रोसेसरने नोंदविलेल्या परतीच्या पत्त्यातून ८ वजा करावे लागतात. न केल्यास निरपराध आज्ञा पकडली जाते. आमच्या हातून असा अन्याय सुरुवातीच्या काळात अनेकदा झाला आहे.

याउलट काही दोष मुके असतात. रूपांतराची यंत्रणा सुरू होते तो क्षणच पाहा. यंत्र चालू झाले की प्रथम सारे पत्ते भौतिक असतात. मग प्रोग्रॅम कोष्टके तयार करतो आणि एक विशिष्ट बिट १ करून म्हणतो, यापुढे रूपांतर सुरू. याच्या पुढची आज्ञा प्रोसेसर आणील ती कोठून? तिचा पत्ता काल भौतिक होता, आज तो आभासी समजला जाईल आणि कोष्टकातून नेला जाईल. कोष्टकात त्या पत्त्याची ओळ नसेल, तर ज्या फांदीवर बसलो तीच तोडली असे झाले. तक्रार नोंदवावी म्हटले, तर तक्रारीची ठरावीक जागाही कोष्टकात नाही. म्हणजे तक्रार करतानाच दुसरी तक्रार, तिच्यात तिसरी. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते काय, तर निश्चल यंत्र. म्हणून या संक्रमणासाठी एक तुकडा असा ठेवतात की ज्याचे आभासी आणि भौतिक पत्ते तेच ते असतील. २०१२ साली निघालेल्या पहिल्या रास्पबेरी पाय या स्वस्त संगणकावर स्वतःची व्यवस्था लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली रात्र बहुधा याच खड्ड्यात जाते, आणि दुसरी रात्र दिव्याच्या नादात. त्या संगणकावरील बाहेरच्या जगाशी बोलणारे खण २००००००० या भौतिक पत्त्यापासून सुरू होतात. दिवा लावणारे २०२००००० पाशी आहेत. विद्यार्थी तो भाग कोष्टकात घालतो, पण शिक्का मारताना साध्या स्मृतीचा मारतो. मग ‘दिवा लाव’ हा हुकूम प्रोसेसरच्या जवळच्या कॅश नावाच्या तात्पुरत्या साठवणीत विसावतो आणि दिव्यापर्यंत जातच नाही. कोष्टकातील पत्ता अगदी बरोबर, शिक्का तेवढा चुकीचा!

या कॅशची ओळख येथेच नीट करून घ्या, कारण पुढे तीच नायिका आहे. टीएलबी पत्त्यांची उत्तरे जवळ ठेवते. कॅश खणांतील ऐवजच जवळ ठेवते. टीएलबी म्हणजे तलाठ्याच्या खिशातील डायरी म्हटले, तर कॅश म्हणजे टेबलावर पसरलेले कच्चे कागद. पुष्कळ लेखन त्या कच्च्या कागदांवरच होते आणि सवडीने पक्क्या वहीत उतरते.

मुक्या यंत्राला बोलते करण्यासाठी डीबगर नावाचे साधन असते. प्रोसेसरच्या चार-पाच तारांना बाहेरून जोडून घेऊन तो त्याला मध्येच थांबवतो आणि पोटातील मजकूर वाचतो. ही तारांची पद्धत मुळात पट्ट्यांवरील डाग नीट लागले आहेत की नाही हे तपासण्यासाठी काढली होती आणि १९९० साली तिचे प्रमाण ठरले. जेटॅग या नावाने ती ओळखली जाते. परंतु डीबगरवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्याला आम्ही इतकेच विचारतो, की तुम्ही वाचलेला पत्ता आभासी की भौतिक? आणि आभासी असेल तर कोणाच्या दुनियेतला? दोन प्रोग्रॅमांचा ०००१०००० हा पत्ता दिसायला एकच, पण खण वेगळे. आपण दाराशी येऊन हाक मारली त्या क्षणी प्रोसेसर दुसऱ्याच प्रोग्रॅमच्या घरी गेलेला असेल, तर उत्तर त्या घरचे मिळेल. आणि ते खोटेही नसेल. प्रत्येक दुनियेला एक लहान ओळख-क्रमांक दिलेला असतो. थांबविल्याबरोबर प्रथम तो क्रमांक आणि कोष्टकाचा आरंभ-पत्ता वाचावा, मग बाकीचे बोलावे.

आता दुधाची हकिकत सांगतो.

आमच्या एका स्नेह्यांचा छोटा कारखाना आहे. दूध संकलन केंद्रांवरील शीतटाक्यांचे नियंत्रण करणारी पेटी ते करतात. शेतकऱ्यांकडून आलेले ऊन दूध टाकीत ओतले जाते आणि ते ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवायचे असते. पेटी तापमान मोजते आणि त्यानुसार कॉम्प्रेसर चालू-बंद करते. एका केंद्रावर दोन टाक्या होत्या. तेथून तक्रार आली की पंधरवड्यात एखाद्या रात्री पहिल्या टाकीतले दूध नासते. पेटीतील नोंदी पाहाव्यात तर सगळ्या उत्तम: ४.२, ४.१, ४.२. कागदोपत्री दूध थंड, आणि प्रत्यक्षात सकाळी झाकण उघडले की वास. नासलेले दूध शेतकऱ्यांच्या खात्यावरून वजा होई. एका रात्रीचे दूध जाणे म्हणजे दोन म्हशींच्या घराला काय असते, हे येथे बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक असेल. केंद्राने पेटी दोनदा बदलून घेतली. आमच्या स्नेह्यांनी तापमान मोजणाऱ्या कांड्या बदलल्या. सर्वांचा अखेर संशय गेला मोबाइलच्या नेटवर्कवर, कारण ज्या रात्री नेटवर्क नसे नेमका त्याच रात्रीपैकी कधीतरी घोटाळा होई. दूध थंड करण्याशी नेटवर्काचा काय संबंध, म्हणून आम्ही त्यांना हसलो. ते हसणे पुढे आमच्याच अंगाशी आले.

खरा धागा मिळाला तो केंद्रावरच्या एका वयस्क कर्मचाऱ्यांकडून. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते म्हणाले, ‘साहेब, बिघडते त्या रात्री दोन्ही टाक्या एकच ताप सांगतात. दशांशासकट. सख्ख्या बहिणींचाही ताप असा जुळत नाही.’

‘अण्णा, हे आधी का नाही सांगितलंत?’

‘आधी कोणी विचारलं नाही. सगळे पेटीलाच विचारत होते.’

दोन्ही टाक्यांचा एकच आकडा! म्हणजे मोजण्यात चूक नव्हे. लिहिण्यात वा वाचण्यात. पेटीतील रचना अशी होती: प्रत्येक टाकीच्या नोंदींसाठी स्मृतीत एकेक पान राखलेले; पहिलीचे ००५५७, दुसरीचे ००५५८. प्रोग्रॅमला मात्र ती थेट दिसत नसत. एकच आभासी पान खिडकीसारखे ठेवले होते. पहिल्या टाकीचे काम असेल तेव्हा कोष्टकातील ओळ बदलून खिडकी ५५७ कडे वळवायची, दुसरीचे असेल तेव्हा ५५८ कडे. प्रथम दोन्ही टाक्यांची तापमाने लिहिली जात, मग पुन्हा एकेक खिडकी उघडून कॉम्प्रेसरचा निर्णय होई. खिडकी एका जागी अडकली, तर दोन्ही तापमाने एकाच पानावर लिहिली जातील, दुसरे पहिल्याला पुसून टाकील, आणि निर्णयाच्या वेळी दोन्ही टाक्या दुसरीचाच ताप सांगतील. दुसऱ्या टाकीत सकाळचे थंडगार दूध, पहिलीत संध्याकाळचे ऊन. ४.२ वाचून पहिल्या टाकीचा कॉम्प्रेसर अर्ध्यातच बंद. अण्णांचे निरीक्षण तंतोतंत जुळले.

पण खिडकी अडकावी का? प्रोग्रॅम लिहिणारा कच्चा नव्हता. ओळ बदलल्यावर लेखन पुरे होईपर्यंत थांबणे, टीएलबीतील जुनी नोंद खोडणे, सारे त्याने विधिवत केलेले होते. आम्ही पेटी कारखान्यात आणून आठ दिवस चालविली. एकदाही चुकली नाही. मग चिडून, प्रत्येक वेळी खिडकी वळवली की कोष्टकातील ओळ वाचून छापावी, अशी एक तपासणीची आज्ञा मध्ये घातली. सर्वसाधारण अनुभव असा की तपासणी घातली की दोष लपतो. येथे उलट झाले. पंधरवड्यातून होणारी चूक मिनिटामिनिटाला होऊ लागली! आणि छापून येणारी ओळ मात्र दर वेळी बरोबर. दुसऱ्या टाकीची खिडकी उघडली की कोष्टकात ००५५८०३२ असेच दिसे, आणि लिहिलेले तापमान सापडे ५५७ च्या पानावर.

कोष्टक म्हणते एक आणि प्रोसेसर करतो दुसरे. तेव्हा प्रोसेसरलाच साक्षीला बोलावणे भाग होते. या घराण्यातील प्रोसेसरांत अशी एक सोय आहे की एखादा आभासी पत्ता त्याच्यापुढे ठेवून म्हणावे, तेथे जाऊ नकोस, फक्त गेला असतास तर कोणत्या भौतिक पत्त्यावर गेला असतास ते सांग. उत्तर एका ठरावीक ठिकाणी मिळते. आमच्या मते या सगळ्या विद्येत इतके उपयुक्त आणि इतके कमी वापरले जाणारे दुसरे साधन नाही. विचारले, उत्तर आले ००५५७. म्हणजे साक्षीत फरक पडला. मग तिसरा साक्षीदार काढला: डीबगरला सांगितले की कोष्टकाची ती ओळ प्रोसेसरच्या हाताने वाचू नकोस, त्याला वळसा घालून सरळ मुख्य स्मृतीतून वाच. तेथे होते ००५५७०३२.

एकाच खणात दोन मजकूर! प्रोग्रॅमने वाचले की ५५८, बाहेरून वाचले की ५५७. येथे तलाठ्याकडे परत चला. फेरफार झाला होता, पण तो टेबलावरच्या कच्च्या कागदावर, म्हणजे कॅशमध्ये होता. पक्क्या वहीत उतरलेला नव्हता. प्रोग्रॅम वाचताना टेबलावरचा कागद पाहून म्हणे, नोंद झाली आहे. परंतु कोष्टक चाळणारी यंत्रणा, त्या जुन्या प्रोसेसरात, टेबलाकडे बघतच नसे. ती थेट पक्की वही उघडी. डायरी खोडली होती खरी, पण खोडल्यावर नवी नोंद पुन्हा जुन्या वहीवरूनच उतरवून घेतली जाई.

मग रोज का चुकत नव्हते? कारण त्या कॅशची एक खोड होती. ज्या खणाचा कागद आधीच टेबलावर आहे त्याचे लेखन कागदावर होई. कागद टेबलावर नसेल तर लेखन सरळ पक्क्या वहीत जाई. कागद टेबलावर येई तो फक्त वाचल्यामुळे. आणि प्रोग्रॅम ती ओळ एरवी कधी वाचीत नसे, नुसती लिहीत असे. वाचणारे एकच ठिकाण: रात्री नोंदी पाठविण्यापूर्वी कोणती खिडकी उघडी आहे हे पाहणारी एक फालतू खात्री. तिने ओळ वाचली की कागद टेबलावर आला. नेटवर्क असले तर लगेच नोंदी पाठविण्याची एवढी धांदल उडे की टेबल दुसऱ्या कागदांनी भरून जाई आणि हा कागद वहीत उतरून बाजूला होई. नेटवर्क नसले की धांदल नाही. कागद टेबलावर तसाच, आणि खिडकी अडकलेली. आमची छापण्याची आज्ञा तर दर वेळी ओळ वाचून कागद मुद्दाम टेबलावर आणून ठेवीत होती. नेटवर्कावर संशय घेणाऱ्या केंद्रचालकांची आम्ही माफी मागितली.

हे घडले कसे त्याचाही पत्ता लागला. प्रोग्रॅम मुळात कोर्टेक्स-ए७ या नव्या प्रोसेसरवर लिहिलेला होता. त्यातील कोष्टक चाळणारी यंत्रणा, तशी मांडणी करून दिली असेल तर, कॅशही पाहते. म्हणून तेथे हे कधी उघडकीस आले नाही. पुढे खर्च कमी करण्यासाठी जुना स्वस्त प्रोसेसर घेतला आणि प्रोग्रॅम जसाच्या तसा त्यावर चढवला. जुन्या प्रोसेसरच्या माहितीपुस्तकात ही अट स्वच्छ लिहिलेली होती.

दुरुस्ती एका आज्ञेची: ओळ लिहिल्यावर, थांबण्यापूर्वी आणि डायरी खोडण्यापूर्वी, त्या खणापुरता कॅशमधील मजकूर मुख्य स्मृतीत उतरव. क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. आधी खोडून मग उतरवले, तर मधल्या निमिषात जुनी नोंद पुन्हा डायरीत शिरू शकते. आम्ही छापण्याची आज्ञा मुद्दाम आत ठेवूनच पेटी चालविली, म्हणजे कागद सतत टेबलावर राहील. चार दिवसांत एकही चूक नाही. मग ती आज्ञा काढली, रात्रीची ती फालतू खात्रीही काढून टाकली, आणि पेटी केंद्रावर परत बसवली. अण्णांनी पेटीशेजारी पाऱ्याचा एक साधा थर्मामीटर दोरीने टांगून ठेवला आहे. दर रात्री झोपण्यापूर्वी ते दोन्ही टाक्यांत तो बुडवून पाहतात आणि पेटीचा आकडा त्याच्याशी ताडून घेतात. आम्ही त्यांना तसे करू नका असे सांगितलेले नाही.